कॅथेड्रलचे शिसे

पूर्वेला तांबडे फुटले, खाडीवरचे धुके विरू लागले आणि सांतोळ्याच्या फिरंगी कोटाचे बुरूज एकेक करून उजळले. पण कोटाच्या मधोमध उभ्या असलेल्या कॅथेड्रलच्या खिडक्यांत त्या सकाळी रंग उमटला नाही. शिशाच्या पट्ट्यांत रंगीत काचा गुंफून इनास तुस्कानो आणि त्याच्या बापाने सजवलेल्या त्या खिडक्या आदल्याच दिवशी उतरवल्या होत्या. मराठ्यांचे मोर्चे खंदकाला भिडले होते, कोटातले शिसे सरले होते, आणि किल्लेदार दों फेर्नांव याने वेदीवर हात ठेवून इनासला शब्द दिला होता :

“या शिशाच्या गोळ्या होतील, इनास. आश्रयाला आलेला शेवटचा माणूस सुखरूप होईपर्यंत मी कोट सोडणार नाही.”

बापाच्या हातची मारियेची निळी काच सोडवताना इनासचा हात अडला, तेव्हा शिडी धरून उभ्या असलेल्या त्याच्या बायकोने, नातालीने, आत आश्रयाला बसलेल्या पोराबाळांकडे नुसती नजर वळवली होती. त्याने पट्टी कापली.

आता तोफा गप्प का, म्हणून तो दर्याबुरुजावर चढला. किल्लेदाराचे गलबत शिडे फुगवून खाडीबाहेर चालले होते. तटाशी एक जखमी तोफची तेवढा मागे पडला होता.

“गोळ्या कोटासाठी नव्हत्याच,” तो म्हणाला. “गलबताची वाट अडवणाऱ्या मराठ्यांच्या होड्यांवर झाडायला हव्या होत्या. आम्हां जखमींना जागा नव्हती.”

हल्ला केव्हाही होणार होता. वेदीवरचे पांढरे वस्त्र काठीला बांधून इनास दिंडीदरवाजातून एकटाच बाहेर पडला. मराठ्यांच्या मोर्च्यातून सुटलेली एक गोळी कानाजवळून गेली, तरी तो चालत राहिला.

मराठ्यांचे सरदार निंबाजीराव दळवी यांच्यापुढे त्याने सारे खरे सांगितले आणि रयतेसाठी अभय मागितले. रावांना दगा वाटला.

“जामीन कोण?”

“मीच, सरकार. आतून एक जरी बार झाला, तरी भाला माझ्या पाठीत घालावा.”

भाल्याच्या टोकापुढे चालत त्याने फौज आत आणली. कॅथेड्रलच्या उघड्या खिडक्यांतून आलेल्या उन्हात वेदीमागचे रंगीत तुकड्यांचे मोझेक, त्यातला सोनेरी मेंढपाळ आणि त्याचा कळप, झळाळत होते आणि त्याखाली माणसे श्वास रोखून बसली होती. रावांनी उंबऱ्यावरच थांबून दाराशी पहारा बसवला. कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही.

पावसाळा उलटल्यावर वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांची आज्ञा आली. तीत लिहिले होते : दों फेर्नांवने शर्थीने कोट लढवला, इनास तुस्कानोने फितुरीने दरवाजा उघडला. त्याला बहिष्कृत करावे, आणि त्याची बाजू घेईल त्यालाही. म्हाताऱ्या पाद्र्याने ती आज्ञा रविवारी वाचून दाखवली.

त्या दिवशी वाचलेल्या माणसांनी कॅथेड्रल भरलेले होते. इनासने एकेका चेहऱ्याकडे पाहिले; एकेक चेहरा खाली गेला. कोणीही उठले नाही.

मग नाताली उठली. तिने नवऱ्याचा हात धरला, आणि दोघे मधल्या वाटेने चालत बाहेर पडली.