कुठंतरी पाणी मुरतंय

चष्म्याच्या दुकानदाराला स्वतःलाच नीट दिसेनासं व्हावं, यापरती फजिती नाही. पण झालं खरं तसं. गाडी चालवताना त्याच्या डोळ्यांपुढे पांढुरकं धुकं यायचं. त्याने चष्मा पुसला, नंबर तपासला, भिंगं बदलली... धुकं जागच्या जागी. आणि त्या दिवशी भर चढावर बॉनेटमधून वाफ निघाली आणि आईची ती जुनी गाडी एका गॅरेजसमोरच ठप्प झाली.

तो घाईघाईने रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तोच—

"हात मागे! तुमचा चेहरा तुम्हाला आवडत नाही का?"

"तसा... ठीक आहे," तो गडबडला.

"मग राहू द्या की तसाच!"

गॅरेजमधून एक मुलगी हात पुसत येत होती. तिच्या भुवईवर ग्रीसची काळी रेघ होती आणि ती तिला चक्क शोभत होती. कुणाच्या चेहऱ्यावर काय शोभतं हे बघण्यात त्याचा जन्म गेला होता, त्यामुळे या बाबतीत त्याच्या शब्दाला वजन होतं.

इंजिन निवल्यावर तिने टाकीत डोकावून पाहिलं. "कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, कुठंतरी गळतंय. शोधावं लागेल. सध्या पाणी भरून देते. गाडी घेऊन उद्या या, चष्मेवाले."

तो आला. परवाही आला. तिचं काम बघण्यासारखंच होतं. घाई म्हणून नाही. एकेक रबरी पाइप ती बोटांनी दाबून बघायची, जोडांवरून आरसा फिरवायची, ऑइलची कांडी उजेडात धरून पांढरटपणा शोधायची. एक हातपंप रेडिएटरच्या तोंडावर बसवून तिने दाब भरला आणि काट्याकडे बघत उकिडवी बसून राहिली. काटा अगदी हळू, चोरपावलांनी खाली येत होता. गाडीखाली अंथरलेला पुठ्ठा मात्र कोरडा ठाक!

"दाब तर उतरतोय," ती गाडीशीच बोलावं तसं म्हणाली, "मग थेंब कुठं लपवलायस गं बाई?"

असं कुणी आपल्याशी बोललं तर आपण सगळे थेंब काढून देऊ, असं त्याला वाटलं.

"आत कुठं ओल? गोडसर वास?" तिने त्याला विचारलं.

"छे! अजिबात नाही," तो म्हणाला. तेव्हा ते खरंच होतं... निदान त्याच्या माहितीप्रमाणे.

त्याच संध्याकाळी घरी जाताना त्याने वैतागून चष्मा काढला, तरी धुकं तसंच. त्याने काचेवर बोट फिरवलं. बोटावर चिकट, गोडसर थर आला. म्हणजे इतके दिवस हा शहाणा स्वतःचा चष्मा पुसत होता आणि धुकं होतं गाडीच्या काचेवर! शेजारच्या सीटपुढचं पायपुसणं उचलून पाहिलं तर खालचा गालिचा चिंब.

गळती सापडली होती. मग उद्या तिला सांगायचं, ती दुरुस्त करणार, आणि परवापासून? परवापासून काय म्हणून जायचं तिकडे?

प्रेमात माणूस काय काय करतो! याने गालिच्यात वर्तमानपत्रं कोंबली, वर नवंकोरं पायपुसणं टाकलं आणि भिंगं पुसायच्या द्रावणाने समोरची काच घासून लख्ख केली. रोज सकाळी हाच उद्योग.

"एवढ्या जुन्या गाडीची काच इतकी चकचकीत?" चहाचा पेला त्याच्या हातात देत ती म्हणाली.

"धंद्याची सवय," तो म्हणाला.

ती भुवई उंचावून गाडीकडे बघत राहिली. "कुठंतरी पाणी मुरतंय, एवढं नक्की."

त्याला असा ठसका लागला की चहा शर्टावर. "अहो, गाडीचं म्हणतेय मी!" ती खळखळून हसली. ते हसू घेऊन तो दिवसभर दुकानात बसला आणि एका आजोबांना आजींचा चष्मा देऊन मोकळा झाला.

पण पुढच्या भेटीला ती हसत नव्हती. गाडीशेजारी पाने ओळीने मांडलेले होते आणि खुर्चीत तिचे वडील बसले होते. सगळे त्यांना आबा म्हणत. गॅरेज त्यांनी नुकतंच लेकीवर सोपवलं होतं, तरी गिऱ्हाइकं अजून दारातून तिच्या खांद्यावरून आत बघत विचारायची, "आबा नाहीत का?"

"बाहेर कुठं गळत नाही म्हणजे इंजिनच्या आत मुरतंय," ती म्हणाली. "इंजिनचं वरचं हेड खोलावं लागेल."

"खोलून काही निघालं नाही तर लोक काय म्हणतील, ठाऊक आहे ना?" आबा म्हणाले. "बाहेरून कुणाला बोलावू का? अजून वेळ गेली नाही."

"नको, आबा. माझं काम आहे." आवाज ठाम होता, पण पाना उचलणारा हात क्षणभर थबकला. तो हात त्याने आजवर कधी थबकलेला पाहिला नव्हता. आपल्या चार भेटींसाठी हिची सगळी पत पणाला लागली!

"थांबा," तो म्हणाला. "इंजिन ठीक आहे. गळती... मी लपवलीय."

त्याने पायपुसणं उचललं आणि ओली वर्तमानपत्रं बाहेर काढली. सगळं सांगितलं, काचेसकट. का लपवली, तेवढं मात्र आबांसमोर जिभेवर आलं नाही. ती ऐकत होती. चेहरा लाल झाला होता.

"रात्र-रात्र झोपले नाही मी," ती हळूच म्हणाली. "मला वाटलं, मलाच येत नाही."

"तुम्हाला येत नाही? अहो, तुमच्यासारखं काम करताना मी कुणाला..."

"हीटरचा छोटा रेडिएटर फुटलाय. डॅशबोर्ड काढावा लागेल," ती कोरडेपणाने म्हणाली. "या आता तुम्ही. झालं की निरोप देईन."

आबा मात्र त्याच्याकडे बघून गालातल्या गालात हसले आणि आत गेले.

काम पुरं झाल्याचा निरोप आला तेव्हा तो पडेल चेहऱ्याने गेला. ती स्टिअरिंगवर बसली होती. "बसा शेजारी. इंजिन तापवून बघायचंय. बूट-मोजे काढा."

"काय?"

"पाय गालिच्यावर टेका. ओल लागली तर सांगायचं. लगेच! लपवायचं नाही."

तो निमूटपणे अनवाणी बसला. बाहेर भुरभुर पाऊस होता आणि समोरची काच आरपार स्वच्छ होती. चढ आला, गाडी गुणगुणत चढली. गिअर टाकणारा तिचा हात, रस्त्यावर खिळलेले डोळे... तो बघतच राहिला.

"काय म्हणतोय गालिचा?"

"कोरडा आहे."

"नक्की?"

"नक्की. आणि..." त्याने श्वास घेतला. "मी गळती लपवली, कारण ती मिटली की मला इथं यायला काही उरलं नसतं. तुम्ही मला आवडता. फार आवडता."

वायपर दोनदा इकडून तिकडे गेला. तिने नजर रस्त्यावरून हलवली नाही. फक्त कान लाल झाले होते.

"हे कधीपासून?" तिने गंभीर आवाजात विचारलं, पंपाच्या काट्याकडे बघताना विचारायची तसं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग तेव्हाच नाही का सांगायचंस?"

तिच्या तोंडून 'तू' निघून गेलं होतं आणि तिने ते परत घेतलं नाही. गॅरेजचं वळण आलं. तिने गाडी सरळ पुढे नेली.