डोंगरातले नऊ पिंजरे

"मावशी, एकतिसावा पिंजराही गायब!" राधा धापा टाकत ओरडली.

हेरंबला आतून गुदगुल्या झाल्या. बरी जिरली! दिवाळीच्या सुट्टीत सरोजिनी नगरहून अरवलीच्या या डोंगरावर आधी आला तो. पण परवा गाझियाबादहून ही मावसबहीण आली काय, अन् अलकामावशीने मोजणीची वही तिच्याच हाती दिली! संध्याकाळी पिंजऱ्यात गूळ-शेंगदाणे ठेवायचे, शेजारी नंबराची लाल झेंडी रोवायची आणि सकाळी रानउंदीर मोजून सोडून द्यायचे, असं मावशीचं काम होतं.

"झेंड्या नीट रोवल्या होत्यास ना, राधा?" मावशीचा आवाज चढला. "नऊ पिंजरे! ऊन तापलं की पत्र्यात उंदीर भाजून निघतील गं!"

राधाचे डोळे भरून आले. हेरंब चपापला. खाली नवी कॉलनी उभी राहत होती. तिथला ठेकेदार झेंड्या उपटून नेताना त्याने काल अंधार पडताना पाहिला होता. राधाची फजिती व्हावी म्हणून तो गप्प बसला होता!

"चल, मला ठाऊक आहे!" त्याने तिचा हात ओढला.

"मग काल का नाही बोललास?"

"जळत होतो तुझ्यावर, यार! पळ आता!"

खाली मजुरांनी सकाळीच उतारावरची झुडपं तोडून ढीग रचला होता. ठेकेदार काडी ओढत होता. ढिगात, झुडपांबरोबर ओढून आणलेल्या पिंजऱ्याचा पत्रा चमकला!

"अंकल, रुकिए! अंदर चूहे हैं!" राधा किंचाळली.

"अच्छा है, जलने दो!"

हेरंबची नजर प्लॉटांच्या कोपऱ्यांवर गेली. तिथे खुणेसाठी रोवलेल्या मावशीच्याच नंबराच्या झेंड्या!

"अंकल, ये झंडियाँ तो हमारे चूहों की हैं! पच्चीस के बाद सीधा इकतीस? साहब नापेंगे तो प्लॉट गलत निकलेंगे!"

ठेकेदाराचा चेहरा पडला. "अरे, टेप लाओ!" करत तो झेंड्यांकडे धावला. दोघं ढिगावर तुटून पडली. हात काट्यांनी ओरबाडले, पण नऊही पिंजरे निघाले. शेवटच्यात तर उंदरीण आणि चार गुलाबी पिल्लं!

"शाब्बास, राधा!" मावशी धावत आली.

"मी नाही, मावशी. ठेकेदाराला हेरंबने पळवलं."

हेरंबने मान खाली घातली. "पण मला कालच माहीत होतं. मुद्दाम नाही बोललो."

मावशीने डोळे वटारले. "एखादा उंदीर दगावला असता तर तुझी खैर नव्हती! पण खरं बोललास, वेळेवर धावलास. शाब्बास दोघांची!"

हात मात्र तिने आधी राधाच्याच डोक्यावर ठेवला. हेरंबला ते दिसलंच. तो पुन्हा थोडा जळला, आणि पिल्लांच्या पिंजऱ्याची एक बाजू राधाकडे सरकवून म्हणाला, "धर नीट! सावलीत सोडू."