वजन नसलेल्या फायली

लिफ्ट बंद होती, म्हणून ती जिन्यातच दम खात बसली होती. मांडीवर बाबांचा संगणक. त्या लोखंडी डब्याला धक्का लागू नये म्हणून तिनं तो बाबांच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळला होता आणि दोन्ही बाह्यांची वर गाठ मारली होती.

वरून शीळ घालत एक माणूस उतरत होता, तो तिच्यापाशी थांबला. आधी त्यानं स्वेटरकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"थंडी वाजते का याला?"

"वाजत असेल. सुरू व्हायला अकरा मिनिटं घेतो."

"मोजलीत?"

"रोज मोजते."

तिच्या आवाजात असं काही होतं, की तो पुढची थट्टा विसरला. ती निघाली होती ते वरचं संगणक-दुरुस्तीचं दुकान त्याचंच होतं आणि तो जेवायला निघाला होता. पण त्यानं मुकाट्यानं डबा उचलला नि उलट पावली जिना चढू लागला.

दुकानात बसल्यावर तिनं थोडक्यात सांगितलं. बाबांना जाऊन चार महिने झाले होते. छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासून ते निवृत्त झाले, आणि मग रोज दुपारी तासभर दोन बोटांनी काहीतरी टाइप करत बसायचे. काय, ते कधी बोलले नाहीत. ती ग्रंथपाल. दर आठवड्याला त्यांच्यासाठी पुस्तक न्यायची आणि विचारायची, कसं वाटलं? उत्तर ठरलेलं, "बरं आहे." ते गेल्यावर तिनं संगणकातला एकूण एक फोल्डर उघडून पाहिला. सगळे रिकामे. आणि आता हार्ड डिस्क टकटक वाजायला लागली होती. ती बंद पडली, तर बाबा काय लिहीत होते हे कायमचंच राहून जाणार होतं.

त्यानं ऐकून घेतलं. आत फिरणारी तबकडी असते, ती म्हातारी झालीय, म्हणाला. तिच्या जागी एसएसडी नावाची नवी डिस्क बसवू. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे चालतेही झपाट्यानं. जुन्यातलं सगळं जसंच्या तसं नवीत उतरवून देतो. फक्त एक अट होती. नक्कल सुरू करताना तिनं समोर बसायचं. एकदा त्यानं दिशा चुकवून कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरवली होती, आणि कुणाच्या तरी लग्नाचे सगळे फोटो पुसले गेले होते. तेव्हापासून तो दोन्ही डिस्कवर चिठ्ठ्या चिकटवायचा आणि मालकाकडून त्या मोठ्यानं वाचून घेतल्याशिवाय बटण दाबायचा नाही.

"नवरदेव अजून तोंड फिरवून जातो," तो म्हणाला. "नवरी मात्र हसते. फोटो वाईटच आले होते म्हणे."

चार महिन्यांत ती पहिल्यांदा हसली. हसल्याचं तिलाच नवल वाटलं…

शनिवारी दुपारी ती आली. नवी डिस्क जुनीपेक्षा लहान होती, म्हणून आधी थोडी आवराआवर करायची होती. दोघं एकाच पडद्यासमोर बसले, खांद्याला खांदा लागणार नाही इतपत अंतर ठेवून… मधूनमधून ते अंतर चुकतही होतं.

"ती कचऱ्याची टोपली आधी रिकामी करून टाका," ती म्हणाली.

तो करणार होता. पण त्याचं बोट थांबलं.

"हिच्यात तेराशे फायली आहेत. आणि वजन बघा, एका गाण्याएवढंही नाही. कचरा इतका हलका नसतो हो… ही नुसती अक्षरं आहेत."

ती पडद्याकडे बघतच राहिली. छापखान्यात बाबांच्या टेबलाशेजारी तारेची टोपली असायची. तपासून झालेलं पान तिच्यात पडलं, की काम पुरं झालं. पडद्यावर टोपलीचं चित्र दिसल्यावर बाबांनी दुसरं काय केलं असतं?

"चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आणि स्वतः—"

त्यानं खुर्ची हळूच खिडकीकडे वळवली आणि ती डोळे पुसेपर्यंत तेच ते तीन स्क्रू पुन्हा पुन्हा लहानमोठे लावत बसला. फायली वाचवल्याबद्दल तिनं त्याचे आभार मानले ते तोंडानं. त्या तीन स्क्रूंबद्दल मात्र मनात मानले.

संगणक घरी आला आणि पंधरा सेकंदांत सुरू झाला. टोपलीतल्या फायली आता एका फोल्डरात होत्या. तिनं दिलेल्या पुस्तकातलं रोज जेवढं वाचून होई, त्यावर बाबांनी एकेक पान लिहिलं होतं. त्यांचं "बरं आहे" एवढं लांबलचक होतं तर!

पुढच्या शनिवारी तो "सगळं नीट चाललंय ना" हे पाहायला आला. त्याच्या पुढच्याही. ती एक पान मोठ्यानं वाचायची. त्याला वाचनाची फारशी गोडी नव्हती, पण ऐकावं तर त्यानं. तिच्याकडे राहणारी मावशी एकदा आतूनच म्हणाली, संगणक केव्हाच बरा झाला, हा माणूस कशानं बिघडलाय ते बघा कुणीतरी.

बाराव्या शनिवारी तिनं वाचलं, "'पोरीनं कादंबरी दिली. नायक-नायिका तीनशे पानं एकमेकांना चहा देतात आणि मनातलं बोलत नाहीत. पान एकशे बारावर उत्तम संधी होती. लेखकाची चूक. दुरुस्ती सुचवावी.'"

दोघांच्या मधे चहाचे दोन कप होते. त्याचा कान लाल झाला.

"मी संगणक तपासायला येत नव्हतो," तो म्हणाला.

"ठाऊक आहे. पंधरा सेकंदांत काय तपासणार?" मग तिनं मान वर केली. "मी तुमचीच वाट बघत असते. आठवडाभर… मला तुम्ही आवडता."

बोलून झालं. आत मावशीच्या हातून भांडं पडलं, की तिनं मुद्दाम पाडलं, कोण जाणे. इकडे तिनं मनातल्या मनात बाबांना नमस्कार केला. जाता जातासुद्धा त्यांनी पोरीचं काम करून ठेवलं होतं.

तो फोल्डरकडे बघत हिशेब करत होता.

"शनिवारी एकच पान वाचलं, तर अजून पंचवीस वर्षं लागतील."

"घाई आहे का?"

"छे," तो म्हणाला आणि त्यानं खुर्ची जवळ ओढली.