न्हावऱ्याच्या वडाचं टेबल

हे खरं घडलंय. पटत नसेल तर दौंडला जाऊन इंद्रजीतकडं चहा मागा. कोराच मिळेल. दुधाचा विषय काढलात तर तो उठून आत जाईल.

इंद्रजीत माझा मावसभाऊ. रस्ता रुंदीकरणात पडलेल्या झाडांची टेबलं करतो. पुण्याचं गिऱ्हाईक नुसतं टेबल घेत नाही, झाडाचं जन्मगावही विचारतं; स्वतःच्या पणजोबांचं ठाऊक नसलं तरी. मग इंद्रजीत जाड कागदावर 'झाडाची गोष्ट' छापून देतो. आजवरच्या सगळ्या गोष्टी त्यानंच रचलेल्या.

मागच्या चैत्रात वखारीतनं वडाची रुंद फळी आली. "शिरूर शहरातला वड," वखारवाला म्हणाला. फळीत मधोमध ढोली. ढोलीत गोणपाटाची काळी गाठ, वाळून चिकटलेली. इंद्रजीत ती उपटणारच होता, पण टेबल सांगितलेल्या पुण्याच्या रश्मी मॅडमनी फोटो बघून कळवलं, "राहू द्या ना! किती नॅचरल वाटतंय."

त्यानं गाठीवर काचेसारखं रेझिन ओतलं. भुसा बसू नये म्हणून टेबल सुकायला घरात आणलं.

घरात बायको सायली. आणि एकवीस दिवसांची लेक.

दुसऱ्या सकाळी सायलीनं दुधाचा पेला टेबलावर ठेवला. वळून बघते तर... दूध थिजलेलं. पिवळं. हलवलं की थरथरणारं.

"अहो, खरवस झालाय. पिशवीच्या दुधाचा!"

वास मात्र खरवसाचा नव्हता. जनावर व्याल्यावर गोठ्यात येतो तो... ओला, कोमट, रक्ताचा.

दुपारी टेबलाखाली चिकट थेंब दिसले. पुसले. परत आले.

टेबल अंगणात काढलं. थेंब आतच पडत राहिले.

आणि पोरीनं दूध सोडलं.

छातीशी धरली की तोंड फिरवायची. वरचं द्यावं तर वाटीतच थिजायचं. दोन दिवसांत तिचं रडणं बारीक झालं. डॉक्टरांनी ॲडमिट करायला सांगितलं. सायली पिशवी भरायला लागली.

इंद्रजीत आयुष्यात पहिल्यांदा झाडाची खरी गोष्ट शोधायला निघाला.

वखारीत वड आणून टाकणारा ट्रकवाला विनोद फोनवर हसला. "शिरूर शहर? कागदावर व्हय. वड न्हावऱ्याच्या फाट्याचा हाय."

भर दुपारी टेबल टेम्पोत घालून इंद्रजीत फाट्यावर पोचला. रस्त्याकडेला कापलेला बुंधा. समोरच्या दारात धुरपदा आजी.

"चिकाचं झाड व्हतं," आजी म्हणाली. "म्हैस व्याली की जार पडती ना मागनं, ती गोणपाटात गुंडाळून ह्या ढोलीत बांधायची. मंग दूध उतरतं. कुत्र्यानं खाल्ली तर म्हैस आटती."

"पाडलं तेव्हा होती बांधलेली?"

"त्याच पहाटं बांधलेली. म्हणलं, तेवढी काढू द्या. रस्त्याचा सायेब नाकाला रुमाल लावून म्हणला, 'आजी, घाण आहे ती.' म्हैस त्याच दिशी आटली. रेडकू तिसऱ्या दिशी गेलं."

तिनं त्याच्याकडं नीट बघितलं.

"तुमच्यात कोण बाळंतीण हाय?"

त्यानं घरचं काहीच सांगितलं नव्हतं...

त्यानं छिन्नीनं रेझिन फोडलं. झाड पडल्याला पाच महिने झालेले, म्हणजे पाच महिन्यांची गाठ. वाळून लाकूड व्हायला हवी होती.

ओली होती.

गरम होती.

उचलली तसं पिवळं कोपरापर्यंत ओघळलं. तो तिथंच ओकला.

"बांधा चिकाच्या झाडाला. झटक्यानं."

त्यानं दोन्हीकडं बघितलं. नजर पोचेल तिथवर डांबर. वडच काय, बाभूळही नाही. चीक असलेलं एकच झाड... दुभाजकातली पिवळी कण्हेर.

त्यानं गाठ तिलाच बांधली. हात पुसतोय तोवर सायलीचा फोन.

"प्याली हो! पोटभर प्याली!"

तो रडत हसला. धुरपदा आजी हसली नाही.

"कण्हेर व्हय..." ती म्हणाली. "तिचा चीक इखाचा असतो, बाबा."

त्याला तीन महिने झाले. रश्मी मॅडमना दुसरं टेबल गेलं, सोबत सह्याद्रीची गोष्टही. पोरगी गुटगुटीत आहे. डॉक्टर वजन बघून खूश आहेत. इंद्रजीतनं त्यांना बाकीचं विचारलेलं नाही.

चीक कसा, बाळंतपणानंतर तीन-चार दिवस येतो. मग दूध येतं.

सायलीला अजून चीकच येतो. घट्ट. कण्हेरीच्या फुलासारखा पिवळा...

आणि पोरगी तो संपेपर्यंत सोडत नाही.