वाढत्या मापाची खोली

आमच्या इमारतीत बावीस खोल्या आहेत, आणि त्या बावीसही मी माझ्या हाताने मोजल्यात. कपड्याच्या टेपने.

अकरा वर्षांपूर्वी मूळ मालकाने इमारत विकायला काढली. आम्ही सगळे भाडेकरू. नवा मालक येणार, भाडं तिप्पट करणार, आणि आम्ही बोचकी उचलून शहराबाहेर जाणार, हे ठरल्यातच जमा होतं. तेव्हा बावीस घरांनी मिळून संस्था काढली, कर्ज काढलं आणि इमारत आम्हीच विकत घेतली. ज्याची खोली जेवढी, तेवढा त्याचा वाटा. मोजणीदार बोलवायची ऐपत उरली नव्हती, म्हणून मी गळ्यातली टेप काढली. चाळीस वर्षं शिवणकाम केलंय. जाड्या माणसाच्या पोटाचं माप त्याला राग न येऊ देता घेते, भिंतीचं काय घेऊन बसलात.

नियम एकच केला. खोलीत मरेपर्यंत राहा, पोराबाळांना राहू द्या, पण विकायची नाही. जायचं असेल तर भरलं तेवढंच घेऊन जा. खोली संस्थेकडे परत, आणि संस्था ती यादीतल्या पुढच्या गरजूला त्याच दरात देणार. हा नियम मोडायचा तर पंधरा घरांच्या सह्या लागतात.

त्या सह्या गोळा करायला निघाला कोण? संस्थेचा अध्यक्ष. म्हणजे माझा मुलगा. माझ्या पोटचा, माझ्या शेजारच्या खोलीत राहणारा.

एका बिल्डरने त्याला गाठलं होतं. इमारत पाडून टॉवर बांधायचा, प्रत्येकाला खोलीच्या मापावर घसघशीत रक्कम. त्याच सुमारास चौदा नंबरमधला गवंडी वारला. एकटा जीव होता. नियमाप्रमाणे ती खोली एका नर्सला जायची होती, यादीत तिचं नाव पहिलं. दोन मुली घेऊन ती एका गॅरेजमागच्या खोलीत राहायची, जिला खिडकीच नव्हती. पण माझ्या मुलाने चौदा नंबरला कुलूप घातलं. कारण काय, तर छताचं काम.

चार महिने ती नर्स ड्युटी संपली की यायची, जिन्यावर बसायची आणि विचारायची, "आजी, झालं का हो छत?"

मी जन्मभर थापा मारत आलेय. तीन हातांच्या माणसाला कोट शिवला होता, हे मी या इमारतीतल्या प्रत्येक पोराच्या गळी उतरवलंय. पण "होईल गं लवकर" एवढं म्हणताना माझी जीभ जड व्हायची. आणि वर येऊन मुलाचा चेहरा बघितला की पायापासून डोक्यापर्यंत आग व्हायची.

त्यातच बिल्डरचा मोजणीदार आला. त्याच्याकडे काडेपेटीएवढं यंत्र होतं. त्यातून समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडायचा आणि पडद्यावर आकडा उमटायचा. पहिली खोली दातांच्या डॉक्टरची. सह्यांच्या कागदावर पहिलं नाव त्याचंच. कागदोपत्री चौदा फूट लांबी. यंत्र म्हणालं, तेरा फूट अकरा इंच.

"आजी, टेपचं टोक झिजलंय तुमच्या," मोजणीदार म्हणाला.

बघितलं तर खरंच, पितळी पट्टी निघून गेलेली. "टेपचं काय, माझंही टोक झिजलंय," मी म्हटलं. सगळे हसले. मीही हसले.

मग माझी खोली मोजली. चौदा फूट. बरोब्बर चौदा. त्याच टेपने मोजलेली होती ना हीसुद्धा. मोजणीदाराने यंत्र तळहातावर आपटलं, पुन्हा ठिपका मारला. चौदा.

आठवड्याभराने दातांचा डॉक्टर माझ्या दारात. "आजी, टेप घेऊन जरा खाली येता? कुणाला सांगू नका."

त्याच्या कपाटाचं दार पलंगाला अडत होतं. मधे रुंद वाट होती, मी स्वतः पाहिलेली.

"पलंग सरकवलात?"

"पलंग आहे तिथेच आहे हो. भिंत..." असं म्हणून तो थांबला, आणि स्वतःवरच हसला. हसणं काही जमलं नाही त्याला.

मी मोजलं. तेरा फूट सात इंच. फरशी एकेक फुटाची, ओळीत चौदा बसलेल्या. आता तेरा पूर्ण आणि चौदावी अर्धीच्या जरा वर. तुटलेली नाही, कापलेली नाही. अंगात सैल झालेला सदरा आत घेतात तसं कुणीतरी खोली आत घेतली होती. आणि ज्याने घेतली होती त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. शिवण दिसत नव्हती.

मग मी काही ना काही निमित्त काढून घराघरांत गेले. कुणाकडे पडद्याचं माप, कुणाकडे गादीची खोळ. आल्यावर वहीत लिहून काढलं. सात घरं बरोबर निघाली, सुताचा फरक नाही. चौदा घरं कमी. कुणाचे तीन इंच, कुणाचे आठ. सह्यांचा कागद माझ्या मुलाच्या टेबलावरच पडलेला असायचा. ताडून बघितलं. चौदा सह्या, त्याच चौदा खोल्या.

जिन्यात चारजण उभे असताना मी हे सांगितलं. पेट्रोल पंपावर नोकरी करणारा आमचा शेजारी, पंपवाला, म्हणाला, "आजी, तो तीन हातवाला आला का राहायला?" आणि एकच हशा. सगळ्यात मोठ्याने हसला माझा मुलगा.

थापाड्या म्हातारीचं हे असं होतं. मी तिथून निघून आले. पण जाताना पंपवाल्याकडे बघितलं. हसता हसता तो दारात उभा होता आणि त्याचे दोन्ही खांदे चौकटीला टेकलेले होते.

पुढच्या आठवड्यात, मुलगा कामावर गेलेला असताना, सुनेने मला हाक मारली. "आई, जरा येता?"

त्यांची खोली हिरवी. तो रंग मीच निवडला होता. खिडकीला तीन झडपा होत्या, आता दोन. बाकी सगळं जागच्या जागी, नुसतं दाटीवाटीने. सुनेने भिंतीवर बोट दाखवलं. त्यांच्या लग्नाचा फोटो. चौकट शाबूत, काच शाबूत. फक्त फोटो अरुंद झाला होता. माझा मुलगा पूर्ण होता. सुनेचा डावा खांदा नव्हता आणि डावा कान नव्हता.

मी टेप लावली. तेरा फुटांना एक इंच कमी.

सून सारखी कानाला हात लावून बघत होती.

रविवारी दुपारी मुलगा कागद घेऊन माझ्याकडे आला. भर उजेड होता, खाली पोरं खेळत होती.

"आई, चौदा झाल्या. पंधरावी तुझी."

"तुझी खोली केवढी उरलीय रे?"

"झालं का तुझं सुरू?"

"मोजलीस का, ते विचारतेय."

"जुनी इमारत आहे, भिंती फुगतात. म्हणूनच तर काढून टाकायचीय. मोठं घर घेऊ आई. तुला स्वतंत्र खोली."

"मला आहे स्वतंत्र खोली. ती तू विकतोयस."

"त्यात तुझंच भलं..."

"आणि त्या नर्सचं? त्या दोन पोरींचं? अकरा वर्षांपूर्वी तू असाच बोचकं बांधून जिन्यात बसला होतास. विसरलास? याच नियमावर तुझा संसार उभा राहिला."

"साऱ्या जगाचा मक्ता घेतलायस का तू? सही कर, नाहीतर... "

"नाहीतर काय? मला बाहेर काढशील?"

त्याने पेनचं टोपण काढलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. ते बघून माझं डोकं फिरलं. मी त्याच्या कमरेची किल्ल्यांची जुडी ओढून काढली, त्याचं मनगट धरलं आणि त्याला जिन्याने वर नेलं. अडुसष्ट वर्षांची मी, आणि तो माझ्या मागून फरफटत येत होता, लहान असताना यायचा तसा.

चौदा नंबरचं कुलूप मी उघडलं.

आधी गवंड्याची खाट दिसली. त्याचा स्टोव्ह. दोरीवर वाळत घातलेला टॉवेल, चार महिन्यांपूर्वीचा.

खाटेपलीकडे भिंत असायला हवी होती.

तिथे खोली पुढे चालू होती.

पट्ट्या होत्या. एकीला लागून एक, जमिनीपासून छतापर्यंत. पहिली निळ्या भिंतीची, खाली अर्धी फरशी. दातांच्या डॉक्टरची. दुसरी फुलाफुलांच्या कागदाची. तिसऱ्या पट्टीवर पंपवाल्याच्या दिनदर्शिकेतले फक्त रविवार. गोधडीला ठिगळं जोडावीत तशा जोडलेल्या. मी बोट फिरवून पाहिलं. कुठेही शिवण नाही.

चौदावी पट्टी हिरवी होती.

तिच्यात खिडकीची एक झडप होती. चौदा नंबरची खोली मागच्या बाजूला आहे, तिथून गटार दिसतं. पण या झडपेतून समोरचा रस्ता दिसत होता. खेळणारी पोरं दिसत होती.

झडपेच्या बाजूला, भिंतीवर, एक कान आणि एक खांदा.

"हे कुणी केलं?" मुलगा कुजबुजला.

"तूच सांग. अध्यक्ष तू आहेस."

तो पुढे गेला. त्या पट्टीवर उभा राहिला. हात भिंतीला लावला.

"आई, इथे आमच्या घराचा वास येतोय."

तेवढ्यात आतून सुनेचा आवाज आला. अगदी जवळून, टेबलाच्या पलीकडून यावा तसा. "येताय ना? वाढलंय."

"आलो," तो म्हणाला. आणि भिंतीकडे वळला.

त्याचा एक खांदा भिंतीत गेला. पाण्यात जावा तसा.

मी त्याची कॉलर धरली. दोन्ही हातांनी. पाय खाटेला रोवले आणि ओढलं.

शर्ट मी शिवलेला होता. टाके टिकले.

तो माझ्या अंगावर पडला, मी खाटेवर पडले. बराच वेळ आम्ही दोघं धापा टाकत होतो. मग त्याने खिशातला कागद काढला आणि फाडला. बारीक बारीक तुकडे केले. माझ्याकडे बघितलं नाही.

"किल्ली नर्सला दे," मी म्हटलं. "आजच्या आज."

सून त्या दुपारी घरात नव्हतीच. ती पोरांसोबत खाली रस्त्यावर होती, हे मला नंतर कळलं. मुलाला मी ते सांगितलेलं नाही.

नर्स राहायला आली. पट्ट्या बघून मिनिटभर उभी राहिली आणि म्हणाली, "खिडक्या किती आहेत हो!" बाकी काही विचारलं नाही. खिडकी नसलेल्या खोलीत जो राहिलाय, त्याला असले प्रश्न पडत नाहीत. मुलींनी एकेक पट्टी वाटून घेतली, अभ्यासाला.

चौदा घरांची जागा परत आली नाही. कापलेलं कापड मला आजवर ताग्याला परत जोडता आलेलं नाही, तसंच हे. माझा मुलगा आता आडवा होऊन कपाटापर्यंत जातो. वाईट वाटतं का? नाही वाटत. वाटायला हवं, हे कळतं. पण ती नर्स जिन्यावर बसलेली आठवते आणि माझ्या हाताच्या मुठी वळतात.

बिल्डर मात्र मागे हटला नाही. गेल्या महिन्यात त्याने संस्थेला नोटीस पाठवली: इमारत धोकादायक आहे, पंधरा दिवसांत खाली करा. कागदाच्या डोक्यावर सोनेरी गरुड, त्याच्या कंपनीचं चिन्ह. मग दुसरी नोटीस आली. तिसरी यायची होती, ती आलीच नाही.

काल नर्सने मला पडद्याचं माप घ्यायला बोलावलं. मी आत गेले आणि सवयीने पट्ट्या मोजल्या. पंधरा भरल्या.

पंधरावी आमच्यातल्या कुणाची नव्हती. खाली करडा गालिचा. काचेच्या टेबलाचा एक तुकडा, हातभर रुंद. त्याच्यावर अर्धा कप, त्याला सोनेरी अर्धा गरुड. कपात अर्धा चहा, कापल्यासारखा सरळ उभा, सांडत नव्हता. वाफ येत होती.

टेबलाखाली पुरुषाचा एक काळा बूट. पॉलिश केलेला, नाडी बांधलेली.

मी वाकून हात लावला. ऊब होती.

"पोलिसांना सांगायला हवं का?" नर्सने हळू आवाजात विचारलं. मुली शेजारच्या पट्टीवर पाढे म्हणत होत्या.

मी टेप सोडवली, खिडकीला लावली आणि रुंदी वहीत लिहिली.

"आजी, माप दोन दिवसांनी घ्या," ती म्हणाली. "परवा नुसतं टेबल होतं. बूट आज सकाळी आलाय."