कुर्त्यासकट

चष्म्याच्या दुकानात ती आली होती नोकरी मागायला. त्यानं पेशंट समजून तिला थेट खुर्चीत बसवलं. "एक डोळा झाका. वाचा." तिनं मुकाट्यानं तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला.

"डोळे उत्तम आहेत तुमचे."

"ठाऊक आहे. नोकरीचं बोलायला आलेय."

तिथपासून गट्टी जमली. तो डोळे तपासायचा, ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची, आणि मधल्या वेळात दोघं एकमेकांची टर उडवायची. कुणी विचारलं, तर ती "मित्र आहे" म्हणायची. जरा घाईनंच म्हणायची.

आता त्याला दुसऱ्या गावी, मोठ्या दवाखान्यात जागा मिळाली होती. निरोपाची भेट म्हणून ती तोच तक्ता कापडावर भरत होती – वर ठसठशीत अक्षरं, खाली मुंग्यांएवढी. सुईशी तिचं जन्माचं वैर. तरी आज दुकानाच्या मागच्या खोलीत शेवटची ओळ भरून झाली. कडेला भरतकामाची रिंग बसेना, म्हणून कापड सरळ मांडीवरच घेतलं होतं.

"निघालो गं..." तो दारात उभा. गाडीला अजून अवकाश होता.

ती उठली. भेटही उठली. मुंग्यांची अख्खी ओळ तिनं इमानेइतबारे स्वतःच्या कुर्त्याला शिवली होती.

"माझ्यासाठी आहे?"

"होती."

"मग दे की."

"कशी देऊ? डोळे तपासून घे जरा."

हसू दाबत तो गुडघ्यांवर बसला, कात्री उचलली. "कुठून कापू?"

तिच्या मनात आलं, आज बोलले नाही, तर हा 'मित्र' म्हणूनच गाडीत बसणार.

"नको कापू..."

"का?"

"कापलंस की घेऊन जाशील. मग मी... भांडू कुणाशी?"

त्यानं वर पाहिलं. "मग कुर्त्यासकट नेतो. कुर्तेवालीसकट. चेष्टा नाही करत."

"एवढे दिवस मूग गिळून बसला होतास?"

"तू गावभर 'मित्र आहे' सांगत फिरायचीस. चारचौघांत तुला खोटं कसं पाडू?"

तिनं कात्री त्याच्या हातातून घेतली आणि एकेक टाका सावकाश उसवला. कुर्त्याला बारीक भोकं राहिली, राहू देत.

"जा, गाडी चुकेल. आणि रविवारी ये, माझ्या आईशी बोलायला."

"आणि माझ्या आईला कोण सांगणार?"

कापडाची घडी त्याच्या हातात ठेवत ती म्हणाली, "हे टाके मला शिकवले कुणी, असं वाटतं तुला?"