जिन्यातली मुलगी

"ताई, ती आली. जिन्यात उभी आहे."

चहाचा कप तोंडाशी नेता नेता दीनानाथ थांबला आणि बंद दाराकडे बघत इतक्या हळू बोलला, की सरोजिनीच्या अंगावर काटा आला. दुपारचे चार वाजले होते. नारायण पेठेतल्या त्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर या वेळी कुणी फिरकत नसे.

"कोण आली, दिनू?"

"मुलगी. श्वास रोखून उभी राहते. बेल वाजवत नाही. मग उतरून जाते."

सलग तिसरा दिवस होता हा. पहिल्या दिवशी सरोजिनीने दार उघडून पाहिलं होतं. जिना रिकामा होता, पण वळणावरचा दिवा लागलेला होता... बटण दाबल्यावर मिनिटभरात आपोआप विझणारा तो दिवा! ती बघत असतानाच तो विझला आणि तिने घाईने कडी लावली. मनाची समजूत घातली, की दिनूचा आजार उलटला आहे. काल तर, त्रास वाढल्यास द्यायची जादा गोळी तिने त्याला न सांगता चहात विरघळवली होती.

बत्तीस वर्षं ती हा आजार ओळखून होती. दिनूला नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू येतात हे त्याच्या बाविसाव्या वर्षी उघड झालं, आणि त्याच वर्षी तिने स्वतःचं ठरलेलं लग्न मोडलं. रामदासला कारण सांगितलं नाही. पुढे आई-वडील गेले, आणि धाकट्या अपेक्षाला चांगलं स्थळ आलं तेव्हा सरोजिनीने काळजावर दगड ठेवून तिला घराबाहेर काढलं. "इथे पुन्हा पाऊल टाकू नकोस. तू गेलीस की माझी एक कटकट तरी संपेल." सासरी दिनूची सावलीसुद्धा पडू नये म्हणून उच्चारलेले ते शब्द... एकवीस वर्षं तिच्या अंतःकरणात काचेसारखे रुतून बसले होते. अपेक्षाने आपला द्वेष करावा, पण सुखी असावं, एवढीच तिची प्रार्थना होती.

दीनानाथ उठला. एरवी बेल वाजली की आतल्या खोलीत जाऊन बसणारा तो, आज सरळ दाराशी गेला.

"दिनू, नको. तिथे कुणी नाही."

त्याने कडी काढली.

उंबऱ्यापलीकडे अपेक्षा उभी होती. एकोणीस वर्षांची अपेक्षा, तशीच लांब वेणी, तशीच खालचा ओठ दाताखाली धरायची सवय... आता मलाही दिसू लागलं, सरोजिनीला वाटलं. इतकी वर्षं ज्याच्यापासून एकाला वाचवत आले, ते आज मलाही गिळायला आलं.

"मावशी?" ती आकृती चाचरत म्हणाली. "मी ऋतुजा. अपेक्षाची मुलगी. तीन दिवस येतेय, पण बेल वाजवायला डेअरिंगच होत नव्हतं."

म्हणजे दिनूला खरंच चाहूल लागत होती... आणि आपण त्या खऱ्याला गोळी देऊन झोपवत होतो! सरोजिनी दारातून बाजूला झाली.

ऋतुजा आत आली. खुर्चीच्या कडेवर बसून सांगू लागली. "आई आणि मी एक कोरियन सीरियल बघत होतो. पहिलाच एपिसोड. मनोरुग्णांच्या वॉर्डात एक नर्स असते आणि तिचा सख्खा भाऊ तिथेच पेशंट. ती कुणालाच सांगत नाही, हा माझा भाऊ आहे म्हणून. आई इतकी रडली, मला कळेचना. मी विचारलं, आपल्यात आहे का असं कुणी? तिने टीव्ही बंद केला. एक मावशी आहे, एवढंच मला माहीत होतं. मग तिच्या जुन्या पासबुकावर हा पत्ता सापडला."

"पण तुला का विचारावंसं वाटलं, बाळ?"

ऋतुजाचा हात नकळत कानाकडे गेला. तेव्हा दीनानाथ तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि अगदी सहज म्हणाला, "आवाज कुठल्या कानात येतो? उजव्या की डाव्या?"

मुलीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. "डाव्या," ती कुजबुजली. "दोन महिने झाले. बाई आहे कुणीतरी. माझं नाव घेते."

"माझा उजव्या कानात येतो. नाव घेतलं म्हणून त्याचं सगळं ऐकायचं नसतं. आधी डॉक्टरांना सांगायचं. मी पाच वर्षं सांगितलं नाही, तिथे चुकलं."

त्या पाच वर्षांविषयी सरोजिनी आज प्रथमच ऐकत होती. बत्तीस वर्षं एका छताखाली राहून तिने त्याला कधी एवढा साधा प्रश्न विचारला नव्हता.

ऋतुजाच्या फोनवरून सरोजिनीने अपेक्षाला सगळं सांगून बोलावलं. तासाभरात अपेक्षा आली. मागे तिचा नवरा इंद्रजीत होता. त्याला पाहताच सरोजिनी दिनूला आत जाण्याची खूण करू लागली.

"राहू दे, ताई," अपेक्षा म्हणाली. "ह्यांना माहीत आहे. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मी सांगितलं होतं. हे म्हणाले, चल, भेटून येऊ. आम्ही आलो होतो. तू दार उघडलं नाहीस."

सरोजिनीला ती संध्याकाळ आठवली. बेल बराच वेळ वाजत होती आणि ती आतून कडीला हात लावून उभी होती... एकवीस वर्षांचा त्याग, आणि त्याची गरज फक्त दोन महिने होती.

"मी तुझ्यासाठीच..." सरोजिनी म्हणू लागली.

"कळलं होतं मला. रागाने कबूल केलं नाही." अपेक्षाने ऋतुजाकडे पाहिलं. "आणि मी तरी काय केलं? पोरीपासून तेच लपवलं. घरी आई असून तिला आपलं दुखणं सांगायला तीन दिवस परक्या जिन्यात उभं राहावं लागलं."

सरोजिनीने धाकटीला जवळ घेतलं, आणि मग दिनूकडे वळून म्हणाली, "दिनू, काल मी तुझ्या चहात..."

"माहीत आहे. कडू होता," दीनानाथ कोरडेपणाने म्हणाला. "पुन्हा करू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही जण दवाखान्यात गेले. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "पेशंट कोण?" इतकी वर्षं या प्रश्नाला सरोजिनी वाकून, आजूबाजूच्यांना ऐकू जाणार नाही असं उत्तर देत आली होती. ती सवयीने पुढे झाली, पण त्याआधीच दीनानाथ सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा बोलला.

"आम्ही दोघं. ही माझी भाची. पहिल्यांदा आली आहे, तिला आधी आत पाठवा."

काही माना वळल्या, आणि पुन्हा आपापल्या मोबाइलकडे गेल्या. ऋतुजा मामाचा हात धरून आत गेली. सरोजिनी हळूच बाकावर टेकली. अपेक्षाने आपली पर्स उचलून मांडीवर घेतली आणि ताईला सरकून बसायला जागा केली.